दोन बोअरच्या मधली जागा

बल्लारशाहून काझीपेटकडे निघालेली गाडी सिरपूर कागजनगर, बेल्लमपल्ली, मंदमर्री अशी गावं मागे टाकत मंचेरियलला पोचते. खिडकीतून दिसते ती कपाशी, आणि मध्येच ओपनकास्ट खाणींतून उपसलेल्या मातीचे, सपाट माथ्यांचे डोंगर. या मुलखाचा खरा ऐवज मात्र दिसत नाही. तो जमिनीखाली आहे. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळात, इथल्या दलदलींत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा कोळसा झाला, आणि गोदावरीच्या खोऱ्यात थरावर थर साठला. आज सिंगरेणी कोलियरीज तो उपसते.

पण खाण उघडायच्या आधी कसं कळतं, की कोळसा नेमका कुठं आहे आणि किती जाड आहे?

बोअर मारतात. पाण्यासाठी मारतो तसा साधा बोअर नव्हे. टोकाला हिऱ्याचे दाणे बसवलेली पोकळ नळी खडक कापत खाली जाते आणि आतून दगडाचा एक लांब दंडगोल वर येतो. त्याला कोअर म्हणतात. त्याचे तुकडे लांबट पेट्यांमध्ये ओळीनं मांडतात, प्रत्येकाशेजारी खोली लिहितात. पांढरट वाळूखडक, मग करडा शेल, मग अचानक काळाभोर चकचकीत पट्टा: हा कोळसा. पट्टा मोजायचा, नोंदवायचा, आणि यंत्र उचलून पुढचा बोअर मारायला काही शे मीटर लांब न्यायचं.

आता गंमत पाहा. दोन बोअरच्या मधे काय आहे हे कुणीच पाहिलेलं नाही. तिथं कोळसा पातळ झाला असेल, एखाद्या जुन्या नदीनं तो खरवडून नेला असेल, भ्रंशानं थर वर-खाली सरकला असेल. तरीही भूशास्त्रज्ञ कागदावर तो मधला भाग रंगवतात, टनांचा आकडा लिहितात, आणि त्या आकड्यावर कोट्यवधी रुपये लागतात. न पाहिलेल्या जागेबद्दल एवढी खात्री येते कुठून?

आणि हेच गणित आज माणसाच्या मेंदूच्या एका चकतीवर चालतं असं सांगितलं तर? जमिनीखालचे किलोमीटर जाऊन तिथं मिलिमीटरचे अंश आले, कोळशाच्या जाडीच्या जागी जनुकं आली. समीकरणांना या बदलाचा पत्ताही लागत नाही.

आधी कोळशाचं संपवू. समजा तुम्हाला एका जागी थराची जाडी सांगायची आहे. उत्तरेला ३०० मीटरवर एक बोअर आहे, तिथं थर ३ मीटर निघाला. दक्षिणेला ३०० मीटरवर दुसरा, तिथं ५ मीटर. कुणीही म्हणेल, मधे ४ असेल. बरोबर. आता उत्तरेच्या बोअरच्या पाठीमागे, त्याच रेषेत, ६०० मीटरवर आणखी एक बोअर आहे. त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं? अंतर दुप्पट म्हणून निम्मं? नाही! त्याहून बरंच कमी. कारण त्याला जे सांगायचं होतं, त्यातलं बहुतेक सगळं त्याच्या पुढं उभ्या असलेल्या बोअरनं आधीच सांगून टाकलंय. जवळचा दूरच्याला झाकतो. आणि दोन बोअर एकमेकांना अगदी खेटून असतील, तर दोघांना पूर्ण वजन मिळत नाही. ते एकच साक्ष दोनदा देत असतात, म्हणून वजन वाटून घेतात.

हा व्यवहारी शहाणपणा गणितात बसवण्याची सुरुवात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत झाली. डॅनी क्रिग नावाच्या खाण अभियंत्यानं १९५१ साली विटवॉटर्सरँड विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात मोजक्या नमुन्यांवरून सोन्याचं प्रमाण ताडण्याचा हिशेब मांडला. पुढे १९६० च्या दशकात जॉर्ज मॅथरॉन या फ्रेंच गणितज्ञानं त्याला भक्कम सैद्धांतिक पाया दिला आणि क्रिगच्याच नावानं पद्धतीचं बारसं केलं: क्रिगिंग.

क्रिगिंगचा गाभा एका साध्या आलेखात आहे. बोअरच्या जोड्या घ्या. प्रत्येक जोडीत दोन बोअरमधलं अंतर किती, आणि त्यांच्या जाडीत फरक किती, ते मांडा. जवळच्या जोड्यांत फरक लहान असतो, अंतर वाढलं की फरकही वाढतो, आणि एका ठरावीक अंतरानंतर तो वाढायचा थांबतो. तिथून पुढे दोन बोअर एकमेकांना अनोळखी. ते अंतर म्हणजे त्या थराच्या स्वभावाची लांबी. थर शांतपणे पसरलेला असेल तर ती मोठी, दर थोड्या अंतरावर रंग बदलणारा असेल तर लहान.

आणखी एक बारकावा आहे. अगदी शेजारी शेजारी, वीतभर अंतरावर दोन नमुने घेतले, तरी फरक शून्य होत नाही. सोन्याच्या खाणीत एका नमुन्यात सोन्याचा खडा सापडतो, शेजारच्यात काहीच नाही. जागेशी संबंध नसलेला, निव्वळ नशिबाचा असा हा फरक. खड्याच्या इंग्रजी नावावरून संख्याशास्त्रज्ञ त्याला आजही ‘नगेट’ म्हणतात. हा नगेट लक्षात असू द्या. तो मेंदूत पुन्हा भेटणार आहे!

चला आता मेंदूत.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण वीस हजार. मग डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी इतक्या वेगळ्या कशा? कोणती जनुकं चालू, कोणती बंद, यावरून. चालू जनुक स्वतःच्या प्रती काढतं. त्या प्रती म्हणजे संदेशवाहक आरएनए. एखाद्या पेशीत कोणत्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे मोजलं, की ती पेशी या क्षणी काय करतेय ते कळतं.

मोजायची जुनी रीत अशी, की ऊतीचा तुकडा वाटून त्याचं पाणी करायचं आणि सगळा आरएनए एकदम वाचायचा. उत्तर येतं ते लाखो पेशींची सरासरी. २००९ मध्ये एका सुट्या पेशीतला सगळा आरएनए वाचून दाखवला गेला, आणि काही वर्षांत हजारो पेशी एकेक करून वाचणं शक्य झालं. केवढी झेप! पण त्यासाठी पेशी एकमेकींपासून सोडवाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक पेशी काय बोलते ते कळलं, पण ती कुठं बसली होती ते कायमचं गेलं. आणि शरीरात जागा म्हणजे निम्मी गोष्ट असते. रोगप्रतिकारक पेशी गाठीच्या आत शिरल्यात की बाहेर वेशीवरच अडकल्यात, यावर कर्करोगाच्या रुग्णाचं पुढचं बरंच काही अवलंबून असतं. पेशींची संख्या दोन्ही वेळा सारखीच असू शकते.

२०१६ साली स्वीडनमधल्या पॅट्रिक स्टॉल, योआकिम लुंडेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. ती ऐकून मला अजूनही हसू येतं, इतकी ती सोपी आहे. ऊतीतून आरएनए काढायचा आणि मग त्याची जागा शोधत बसायचं, हे उलटं करा. आधी जागांना नावं द्या, मग आरएनए त्यांच्यावर पडू द्या.

या युक्तीतून पुढे आलेली, आज प्रयोगशाळांमध्ये मिळणारी काचपट्टी जरा जवळून बघू. तिच्यावर साडेसहा मिलिमीटर लांबी-रुंदीची चौकट आहे. तुमच्या करंगळीच्या नखाएवढीही नाही. त्या चौकटीत ४,९९२ ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका ५५ मायक्रॉन रुंद, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. एका ठिपक्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १०० मायक्रॉन. ठिपके मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी मांडणीत आहेत, त्यामुळे कडेचे सोडले तर प्रत्येकाला बरोबर सहा शेजारी.

प्रत्येक ठिपक्यावर डीएनएचे असंख्य बारीक धागे उभे चिकटवलेले असतात. धाग्याच्या टोकाला ‘टी’ अक्षरांची लांब रांग. का? कारण संदेशवाहक आरएनएच्या शेपटीत ‘ए’ अक्षरांची रांग असते, आणि ए-टी एकमेकांना घट्ट धरतात. गळाला लागल्यासारखा आरएनए अडकतो. धाग्याच्या मधल्या भागात १६ अक्षरांची एक खूण असते, आणि ती त्या ठिपक्याची एकट्याची असते. हाच त्याचा पिन कोड. मंचेरियलच्या पत्रावर ५०४२०८ लिहिलं की ते देशातल्या कुठल्याही पेटीत टाका, पोचतं तिथंच. तसंच इथं. गोठवलेल्या मेंदूची १० मायक्रॉन जाडीची चकती पट्टीवर ठेवतात, रंग देऊन तिचा फोटो काढतात, मग पेशींची आवरणं सैल करतात. आरएनए खाली झिरपतो, ठिपक्यावर अडकतो, त्याची डीएनए प्रत बनते, आणि त्या प्रतीवर पिन कोड आपोआप छापला जातो. आता खुशाल सगळं एकत्र मिसळा! यंत्र प्रत्येक रेणू वाचेल तेव्हा त्याचा पत्ता त्याच्यासोबतच असेल.

चार अक्षरांची वर्णमाला आणि १६ जागा: एकूण शक्य कोड ४२९ कोटींवर. वापरले जातात पाच हजारही नाहीत. एवढी उधळपट्टी का? वाचताना एखादं अक्षर चुकलं, तर तो दुसऱ्याच ठिपक्याचा कोड होऊन बसू नये म्हणून कोड एकमेकांपासून लांब लांब ठेवलेत. चुकलेला कोड कुणाचाच नसतो, आणि मग बऱ्याचदा मूळ कोड ओळखून तो दुरुस्त करता येतो.

हातात काय आलं? एक अवाढव्य तक्ता. एका बाजूला हजारो जनुकं, दुसऱ्या बाजूला हजारो ठिपके, आणि प्रत्येक घरात एक संख्या. बहुतेक घरांत शून्य. प्रत्येक जनुकाचा एक नकाशा काढता येतो: कुठं जास्त, कुठं कमी.

पण कोणत्या जनुकाच्या नकाशात खरोखर काही आकार आहे, आणि कोणत्यात नुसती ठिपक्यांची रांगोळी उधळलेली आहे? डोळ्यांनी हजारो नकाशे बघत बसणार का? आणि डोळा फसवतो. आपण ढगात हत्ती बघतो, नकाशात पट्टा बघायला कितीसा वेळ?

याचं एक उत्तर फार जुनं आणि फार देखणं आहे. नकाशावरच्या सगळ्या संख्या उचला, पिसा, आणि ठिपक्यांवर पुन्हा वाटा. संख्या त्याच, जागा बदललेल्या. पुन्हा पिसा. हजार वेळा पिसा. दर वेळी एकच गोष्ट मोजा: शेजारी शेजाऱ्यासारखा आहे का? खऱ्या नकाशात शेजाऱ्यांचं साम्य जेवढं आहे, तेवढं पिसलेल्या हजार नकाशांपैकी एकातही येत नसेल, तर समजा की हा आकार योगायोगाचा नाही. शेजाऱ्यांचं साम्य मोजणारा आकडा ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिक मोरान यांनी १९५० मध्ये ‘बायोमेट्रिका’त दिला. साम्य नसेल तर तो शून्याच्या आसपास राहतो, असेल तर एककडे सरकतो. त्याच्या वर्षभर आधी त्याच नियतकालिकात पी. व्ही. कृष्ण अय्यर यांनी जाळीवर मांडलेल्या काळ्या-पांढऱ्या बिंदूंमध्ये सारख्या रंगाच्या शेजारजोड्या निव्वळ योगायोगानं किती पडतील, याचा हिशेब मांडला होता. आजच्या जनुकनकाशांच्या कित्येक सॉफ्टवेअरांत मोरानचा आकडा एका आज्ञेवर निघतो.

इथं जरा थांबून शेतात डोकावावंसं वाटतं, कारण शेतीवाल्यांना ही शेजारधर्माची गोष्ट फार आधीपासून माहीत होती आणि ती त्यांची डोकेदुखी होती. एकाच वाणाची कपाशी, एकच खत, एकच पाणी, तरी शेताच्या एका कोपऱ्यात बोंडं जास्त. जमिनीचा कस जागोजागी बदलतो, आणि जवळच्या वाफ्यांचं उत्पन्न जवळपास सारखं येतं. मग नवा वाण चांगला की त्याच्या वाट्याला आलेली जमीन चांगली? विनायक गोविंद पानसे आणि साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघांचं शेतकी संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं काढलं. कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यान्‌पिढ्या त्याला नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हणत आल्या. वाफ्यांचे गट पाडा, वाण चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि जमिनीची ही खोड हिशेबातून काढून टाका, असा त्या परंपरेचा मार्ग. शेतीत जो उपद्रव म्हणून झटकला, तोच खाणवाल्यांनी माल म्हणून उचलला. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. प्रश्न वेगळे होते, एवढंच.

जीवशास्त्र आता खाणवाल्यांच्या बाजूला आलंय. आणि त्याला मोरानच्या एका आकड्यापेक्षा जास्त हवंय. आकार आहे की नाही हे तर हवंच, पण तो किती दूरवर पसरलाय तेही हवं, आणि जागेचा वाटा किती, नगेटचा किती, तेही. म्हणजे पुन्हा क्रिगचंच गणित. यंत्रशिक्षणवाले त्याला गाउसियन प्रक्रिया म्हणतात, पण आतून वस्तू तीच. २०१८ मध्ये आलेलं ‘स्पेशियलडीई’ हे सॉफ्टवेअर याच वाटेनं गेलं. जनुकाचा नकाशा दोन प्रकारे समजावून बघायचा: एकदा जागेला मान देऊन, एकदा जागा पूर्ण विसरून. कोणतं स्पष्टीकरण जास्त पटतं?

तत्त्व सुंदर, पण एक भिंत आडवी आली. प्रत्येक ठिपक्याचा प्रत्येक ठिपक्याशी संबंध मांडायचा. एका चकतीवर ३,६०० ठिपके भरले, तर तक्त्यात जवळपास १ कोटी ३० लाख घरं. तो तक्ता उलटवायचा म्हणजे कामाचा आकडा ठिपक्यांच्या घनाएवढा: ३,६०० गुणिले ३,६०० गुणिले ३,६००, साधारण ४,६६५ कोटी. जनुकागणिक स्वभावाची लांबी वेगळी धरायची, तर हे प्रत्येक जनुकासाठी, आणि तेही अनेकदा. नव्या पद्धतींत ठिपके ५० हजारांवर जातात. तिथं हा आकडा सव्वाशे लाख कोटी होतो. संगणक रडेल.

सुटका कुठून झाली? जंगलातून!

अमेरिकेच्या जंगलांतला जैवभार लाखाहून जास्त ठिकाणच्या मोजणीवरून ताडायचा होता, आणि तिथंही हीच भिंत होती. २०१६ मध्ये अभिरूप दत्ता, सुदीप्तो बॅनर्जी, अँड्र्यू फिन्ली आणि ॲलन गेल्फंड यांनी जी वाट काढली, तिचं बीज तुम्ही मघाशीच पाहिलंय. आठवतो तो पाठीमागचा बोअर? जवळचा दूरच्याला झाकतो. तर मग दूरच्यांना विचारायचंच कशाला? प्रत्येक ठिकाणानं आपल्या जवळच्या मोजक्या शेजाऱ्यांशीच हिशेब ठेवावा. बाकीच्यांचं म्हणणं शेजाऱ्याच्या शेजाऱ्यामार्फत आपोआप पोचतं.

हीच युक्ती मेंदूच्या चकतीवर आणणारं सॉफ्टवेअर म्हणजे ‘एनएनएसव्हीजी’. लुकास वेबर, स्टेफनी हिक्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये त्याची माहिती दिली. त्या सहकाऱ्यांत दत्ता स्वतःही आहेत. नावातले पहिले दोन ‘एन’ म्हणजे सर्वांत जवळचे शेजारी. किती शेजारी? वेगळं काही सांगितलं नाही तर फक्त १०.

आता आकडेमोड करून बघा. दहा शेजाऱ्यांचा छोटासा तक्ता उलटवायला दहाचा घन, म्हणजे हजार पायऱ्या. ३,६०० ठिपक्यांना ३६ लाख. कुठं ४,६६५ कोटी आणि कुठं ३६ लाख! काम जवळजवळ तेरा हजारपट हलकं झालं. आणि ठिपके दुप्पट झाले तर काम फक्त दुप्पट होतं, आठपट नाही. अचूकता फारशी हलत नाही. गणितात इतकं स्वस्तात क्वचितच काही मिळतं.

यातून प्रत्येक जनुकाबद्दल तीन गोष्टी हाती येतात. जागेमुळे पडणारा फरक, नगेट, आणि त्या जनुकाच्या स्वभावाची लांबी. सोन्याच्या खाणीतला तोच त्रिकूट हिशेब.

तो मेंदूत काय दाखवतो? बाल्टिमोरच्या लायबर इन्स्टिट्यूटनं २०२१ मध्ये कपाळामागच्या मेंदूच्या १२ चकत्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. तीन व्यक्तींच्या मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंच्या या चकत्या. मेंदूच्या या सालीत सहा थर असतात आणि खाली पांढरा भाग. हो, थर. कोळशासारखे एकावर एक, फक्त सगळे मिळून काही मिलिमीटरचे. सॉफ्टवेअरला थरांबद्दल काहीच सांगितलं नाही. ठिपक्यांच्या जागा दिल्या आणि संख्या दिल्या, बस. त्यानं जी जनुकं वर काढली, त्यांत एमओबीपी आहे, जे चेतातंतूंवर चरबीचं आवरण चढवणाऱ्या पेशींत चालतं आणि म्हणून पांढऱ्या भागात पेटलेलं दिसतं. स्नॅप२५ आहे, जे चेतापेशींच्या संदेशवहनात लागतं आणि नेमकं उलट, करड्या भागात भरलेलं. पीसीपी४ आहे, जे पाचव्या थराची रेघ ओढल्यासारखं उमटतं. सूक्ष्मदर्शकाखाली पिढ्यान्‌पिढ्या रंग देऊन पाहिलेले थर आकडे पुन्हा आपणहून काढून दाखवतात!

आणि त्याच यादीत एक पाहुणा आहे, ज्यानं मला खरं चकित केलं. एचबीबी. हिमोग्लोबिनचं जनुक. मेंदूच्या नकाशात रक्ताचं जनुक काय करतंय? चकतीत रक्तवाहिन्यांचे छेद आलेत, त्यांत रक्त आहे, आणि त्याचा आरएनए त्याच त्या ठिपक्यांवर उतरलाय. थरांचे आकार लांबरुंद, रक्तवाहिनीचा आकार चिमुकला. एकच लांबी धरून शोधणारी पद्धत त्याच्यावरून सहज घसरली असती. इथं प्रत्येक जनुकाला स्वतःची लांबी ठरवायची मुभा आहे, म्हणून पट्टाही सापडला आणि ठिणगीही. हे एचबीबी म्हणजे तेच जनुक, ज्यातल्या एका अक्षराच्या बदलानं सिकलसेल होतो. आदिलाबाद, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावांत या आजाराचं नाव वेगळं सांगावं लागत नाही.

अर्थात सॉफ्टवेअरच्या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. वीस हजार जनुकं तपासली आणि शंभरात पाच वेळा चुकलं तर चालेल म्हटलं, तर ज्यांत काहीच आकार नाही अशीही हजारभर जनुकं यादीत घुसतील. म्हणून एकत्र इतक्या चाचण्या केल्या की निकालाची पट्टी कडक करावी लागते, आणि हे सॉफ्टवेअर ती करतं. आरएनए झिरपताना शेजारच्या ठिपक्यावर सांडतो, तेही आहेच. एका ठिपक्याखाली एक ते दहा पेशी येतात, त्यामुळे हे बोलणं एकीचं नसून छोट्या घोळक्याचं असतं. भरपूर प्रती काढणारी जनुकं यादीत वर चढायला बघतात, कमी बोलणारी मागे राहतात.

पण मला सगळ्यांत हुशारीची वाटते ती यातली आणखी एक सोय. तिच्यासाठी परत खाणीत जायला हवं. कोळशाचे थर आडवे सपाट क्वचितच असतात. ते कलंडलेले असतात, त्यांना ढाळ असतो. एका बाजूचा बोअर कोळशाला वर भेटतो, दुसऱ्या बाजूचा खोल. थर किती खोलीवर आहे याचा नकाशा काढलात तर तुम्हाला ढाळच दिसणार, दुसरं काही नाही. तो तर आधीच माहीत आहे. म्हणून आधी ढाळ वजा करतात, आणि उरलेल्यात बघतात: कुठं खड्डा आहे, कुठं उंचवटा आहे.

मेंदूतही तसंच. दोन भागांत दोन प्रकारच्या पेशी असतील, तर त्यांची जनुकं वेगवेगळ्या जागी दिसणारच. ती बातमी झाली नाही. म्हणून या सॉफ्टवेअरला सांगता येतं, की कोणत्या जागी कोणत्या प्रकारची पेशी आहे ते आम्हाला ठाऊक आहे, तेवढं आधी वजा कर. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागाच्या, नकाशावर हे करून पाहिलं. पेशींचे प्रकार वजा केल्यावर बहुतेक जनुकं यादीत खाली घसरली. उरलेल्यांत आरजीएस१४ आणि सीपीएनई९ ही दोन होती. दोन्ही सीए३ नावाच्या एकाच पट्ट्यात, एकाच प्रकारच्या पेशींमध्ये, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना पातळी बदलत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी एकाच जातीच्या. तरी आपण पट्ट्याच्या कोणत्या टोकाला आहोत हे त्यांच्या जनुकांना माहीत असल्यासारखं! त्यांना ते कोण सांगतं? शेजारची पेशी, दुरून येणारे चेतातंतू, की गर्भात घडतानाच कोरलेली एखादी खूण?

सॉफ्टवेअर ‘आर’ भाषेत आहे, बायोकंडक्टर या सॉफ्टवेअर-भांडारावरून फुकट उतरवता येतं, आणि बाल्टिमोरच्या त्या बारा चकत्यांचे आकडेही सर्वांसाठी खुले आहेत. बऱ्यापैकी लॅपटॉप असला की मंचेरियलच्या कॉलेजातला विद्यार्थीही पीसीपी४ ची पाचव्या थरातली रेघ स्वतः काढून बघू शकतो.